वळणावरचा हॉर्न

त्याने अंगठ्याला थुंकी लावून जीपच्या बंपरवरचा ओरखडा घासून पाहिला, तेव्हा क्लोथिल्डाने त्याला ओळखलं.

तोवर तिचं लक्षही नव्हतं. सकाळीच धक्क्याला पर्यटकांची मोठी बोट लागली होती, फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता, आणि अशा वेळी गाड्या भाड्याने देणाऱ्या बाईला गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही, फक्त लायसन्स दिसतं. त्यात हा आला तोही 'गुड मॉर्निंग' न म्हणता. आमच्या बेटावर माणूस भांडायला आला तरी आधी गुड मॉर्निंग म्हणतो, मग तोंड सोडतो. याने थेट विचारलं, "जीप आहे का?" गेल्या वर्षी त्याला दाढी नव्हती, आता होती. डोक्यावर नवी टोपी होती. पण जित्याची खोड जाते कुठे? अंगठा जिभेला लावायचा, ओरखड्यावर घासायचा, मान तिरकी करून बघायचं.

क्लोथिल्डाच्या हातातली किल्ली गरम झाल्यासारखी वाटली तिला. लायसन्सवर नाव होतं, हार्लन स्ट्राउड. हे नाव ती वर्षभर रोज रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मनात घोळवत आली होती.

"गेल्या खेपेला इथूनच घेतली होती," तो बायकोला सांगत होता. बायको गोरीपान, चेहऱ्याने भली, उन्हाने नाक लाल झालेली. "तू बोटीत उलट्या करत पडली होतीस ना, तेव्हा. काही कटकट नाही बघ इथे. ही माणसं फारसं तपासत नाहीत."

खरंच होतं ते. तपासलं नव्हतं. उलट गेल्या वर्षी त्याने संध्याकाळी गाडी चक्क धुऊन आणली, तेव्हा क्लोथिल्डाला केवढं कौतुक वाटलं होतं. बोटीवरचा माणूस आणि गाडी धुऊन परत करतो! तिने त्याला आपल्या टोपलीतला आंबा दिला होता आणि 'पुन्हा या' म्हणाली होती. बोट बंदराबाहेर पडली न पडली तोच केळ्यांचा ट्रक वरून आला आणि मागच्या फळीवर तिचा बाप होता, रक्ताने भिजलेला.

त्या आंब्याचा विचार आला की आजही तिला स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटे.

एव्हरिस्ट, तिचा बाप, मॉर्न लापेनला राहायचा. ते गाव डोंगरावर, आणि गावाला जाणारा रस्ता एकच, डोंगराला चिकटून गेलेला. प्रत्येक वळणाला एकीकडे कडा, दुसरीकडे दरी. तिथे नियमही एकच. वळणाआधी हॉर्न वाजवायचा. ट्रकवाला वाजवतो, मिनीबसवाला वाजवतो, पाद्रीसुद्धा वाजवतो. ज्याचा त्याचा हॉर्न वेगळा, आणि गावातली आंधळी म्हातारीही आवाजावरून सांगते की आता कोण गेलं. म्हणून डोक्यावर ओझं घेऊन चालणारी माणसं वळणावर फक्त कान देतात. हॉर्न नाही म्हणजे गाडी नाही. एव्हरिस्ट साठ वर्षं असाच चालला होता. त्या दिवशीही अळकुड्यांचं पोतं डोक्यावर घेऊन त्याने वळणावर कान दिला, काही ऐकू आलं नाही, आणि तो रस्ता ओलांडायला निघाला.

"तो उतरला होता गं," इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला होता. "मी गटारात. पाय माझा उलटा झालेला. त्याने मला नीट बघितलं. मला वाटलं, आता हा उचलेल. तर तो गाडीपुढे वाकला, अंगठा थुंकीने ओला केला आणि बंपर घासला. मग परत मला बघितलं. आणि गेला."

पाय गुडघ्याखालून कापावा लागला. गावच्या सणात ढोलाच्या पुढ्यात नाचायला ज्याला लोक हाताला धरून आणायचे, तो आता पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या हॉर्नांना नावं द्यायचा. क्लोथिल्डाचा मावसभाऊ ऑगस्टिन पोलिसात कॉर्पोरल होता. त्याने कागद केले, वर पाठवले, दोनदा स्वतः जाऊन आला. वरून उत्तर आलं की जहाज परदेशाचं, माणूस परदेशाचा, आणि पुरावा धुतलेला. शिवाय हंगाम चालू आहे, उगीच गवगवा नको.

तोच माणूस आता तिच्यापुढे उभा होता आणि विचारत होता, "टाकी भरलेली आहे ना?"

"भरलेली आहे," ती म्हणाली. "कुठे जाणार?"

"वर, गरम पाण्याच्या झऱ्यावर. बायकोला दाखवायचाय."

"जा की. रस्ता तुम्हाला माहीतच आहे. फक्त प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवा. समोर काचेला चिठ्ठीही लावली आहे."

"हो, हो." तो हसला आणि बायकोकडे वळला. "दर खेपेला हेच सांगतात. अगं, माणूस सुट्टीवर शांततेसाठी येतो. पों पों करत कोण हिंडणार?"

क्लोथिल्डाने किल्ली दिली. या वेळी आंबा दिला नाही.

जीप कोपऱ्यावरून वळली तसा तिने ऑगस्टिनला फोन लावला.

"तो आलाय."

"कोण तो?"

"अंगठेवाला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ऑगस्टिन म्हणाला, "नक्की?"

"लायसन्स बघितलं. नाव तेच. झऱ्याकडे गेलाय. तू वाटेत धर त्याला."

"धरीन की. धरायला काय जातं? दुपारच्या जेवणाआधी जहाजाच्या एजंटाचा फोन येईल, जेवणानंतर माझ्या साहेबाचा, आणि पाचच्या बोटीने हा राजा आइस्क्रीम खात निघून जाईल. मग पुढच्या जन्मीसुद्धा इकडे फिरकणार नाही."

"मग काय, सोडून देऊ?"

"मी कुठे म्हणालो सोड? जहाज त्याला सोडून गेलं पाहिजे, क्लोटी. जहाज धक्क्याला आहे तोवर तो जहाजाचा माणूस. जहाज गेलं की तो नुसता माणूस. नुसत्या माणसाला मी धरू शकतो."

झऱ्याच्या पुढे रस्ता नाही. वर गेलेला माणूस त्याच वाटेने, मॉर्न लापेनमधूनच खाली येणार. क्लोथिल्डाने ठेल्याची फळी पाडली, शेजारणीला सांगितलं, "माझ्या गाड्या बघ गं," आणि पहिली मिनीबस पकडून गाव गाठलं.

ओझायस सुताराच्या कारखान्यात बघता बघता माणसं जमली. ओझायस गावाच्या शवपेट्या करायचा आणि एक पेटी कायम तयार ठेवायचा, कारण मरण काही सांगून येत नाही. एव्हरिस्ट त्याच पेटीवर कुबडी आडवी ठेवून बसला होता.

"आंब्याचं झाड पाडू या रस्त्यात," कोणीतरी म्हणालं.

"झाड पाडलं तर तोच उतरून फांद्या ओढील," ओझायस म्हणाला. "नाहीतर बोटवाल्यांना फोन करील, ते माणसं पाठवतील."

"टायर काढून घेऊ!"

"गाडी माझी आहे रे बाबा," क्लोथिल्डा म्हणाली.

तेव्हा एव्हरिस्टने बसल्या जागी पेटीवर बोटांनी ठेका धरला. टक टक, टक. जुनी सवय.

"मयत," तो म्हणाला.

"काय?"

"मयत काढा. झाड लोक हटवतात. मयत कोण हटवतो?"

खरं होतं. आमच्याकडे मयताला मागे टाकून पुढे जात नाहीत. मयत वरच्या देवळातून निघतं, चालत, गात, खालच्या चॅपलच्या दफनभूमीपर्यंत जातं, आणि मागे मंत्र्याची गाडी असली तरी ती मुंगीच्या पावलाने येते. कोणी ओरडत नाही, कोणी वाजवत नाही.

मा फिलोने लगेच छातीवर क्रूस केला. ती गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. "काहीतरीच बोलू नका. रिकामी पेटी गावातून नेली की ती माणूस मागते. माझ्या आजीने बघितलंय. आणि वयाने पहिला नंबर माझा लागतो!"

"रिकामी कोण नेतोय?" एव्हरिस्ट म्हणाला. त्याने कुबडी बाजूला टाकली, पेटीचं झाकण सरकवलं आणि आत हात घालून लांबी बघितली. "ओझायस, खाली एखादी उशी टाक. आणि रमची बाटली दे. छोटी चालेल."

"पापा, तुला वेड लागलंय का?" क्लोथिल्डा म्हणाली.

"वर्षभर पडवीत पडून आहे, पोरी. तिथेही पेटीतच आहे. मला त्याचं तोंड बघायचंय. त्याने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. आता मी बघणार आणि त्याला तोंड फिरवायला जागा ठेवायची नाही. एवढं कर माझ्यासाठी."

ओझायसने पेटीत उशी टाकली. पाद्री दुसऱ्या गावाला गेला होता, ते एक बरंच झालं. नाहीतर त्याला समजावत बसण्यात बोट निघून गेली असती आणि सूडही.

झऱ्यावर तिकिटं फाडणाऱ्या बाईचा फोन आला, "आंघोळ करून निघाले. नवरा घड्याळ बघतोय." मयत देवळातून निघालं. पुढे बायका पांढऱ्या कपड्यांत, मग पेटी सहा जणांच्या खांद्यावर, मागे सगळं गाव. ऑगस्टिन काळ्या कोटात होता. गणवेश त्याने खाली चौकीत खुंटीला टांगून ठेवला होता. "माझी ड्यूटी बोट सुटल्यावर," तो म्हणाला होता. क्लोथिल्डा डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून पेटीच्या मागे चालत होती. बायका मयताचं गीत म्हणत होत्या आणि त्यात मा फिलोचा आवाज खरोखर रडवेला होता, कारण पेटी ऐन वेळी मन बदलते की काय ही धास्ती तिला होतीच.

जीप मागून आली. अर्थात हॉर्न न वाजवता.

आधी ती थांबली. मग हळूहळू मागे मागे येऊ लागली. तिच्या मागे एक मिनीबस येऊन लागली, मग दुसरी, मग केळ्यांचा ट्रक. सगळे आपापली टोपी काढून गप्प. एका वळणावरून खाली बंदर दिसत होतं आणि पांढरी बोट अजून धक्क्याला होती, धुराड्यातून धूर सोडत. क्लोथिल्डा चालता चालता तिच्याकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, सूट. सूट गं बाई, लवकर सूट.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला.

गीत थांबलं. कोणाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. मयतामागे हॉर्न! आणि एकदा नाही. पुन्हा वाजला, लांबलचक, आणि स्ट्राउडने काचेतून डोकं बाहेर काढून हात हलवला. "अहो, जरा बाजूला घ्या की! आमची बोट चुकेल! मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई?"

पेटीचं झाकण धाडकन बाजूला पडलं.

ठरलं होतं की बोट सुटेपर्यंत एव्हरिस्टने हूं की चूं करायचं नाही. पण तिचा बाप पेटीत ताठ उठून बसला होता, हातात रमची बाटली, आणि अख्ख्या दरीला ऐकू जाईल असा ओरडत होता.

"आता वाजवतोय! बघा रे, आता वाजवतोय! वळणावर याचे हात मोडले होते, आणि मेल्यामागे वाजवतोय!"

खांदेकऱ्यांनी पेटी रस्त्यावर टेकवली. स्ट्राउडचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओळखलं त्याने. भुताला घाबरलेला माणूस वेगळा दिसतो आणि ओळख पटलेला वेगळा. त्याने घाईघाईने गाडी मागे घेतली, तर मागे मिनीबस. तिचा ड्रायव्हर खाली उतरला आणि टोपी छातीशी धरून जीपच्या पाठीमागे उभा राहिला. तिथून तो हलेना.

"मी या माणसाला ओळखत नाही," स्ट्राउड म्हणाला. त्याला कोणी काही विचारलंही नव्हतं.

क्लोथिल्डा जीपजवळ गेली आणि तिने डोक्यावरचा रुमाल सोडला. "गुड आफ्टरनून, मिस्टर स्ट्राउड. गेल्या वर्षी गाडी धुऊन आणलीत. माझ्या बापाचं रक्त धुतलंत तुम्ही, आणि मी तुम्हाला आंबा दिला."

"काय बोलतेय ही?" त्याची बायको म्हणाली. तिने पेटीत बसलेल्या माणसाकडे बघितलं, त्याच्या गुंडाळलेल्या विजारीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "हार्लन, तू म्हणाला होतास, बकरी आडवी आली म्हणून."

"आयलीन, आत्ता नको..."

"ही ती बकरी का?"

आयलीनने हात पुढे केला, गाडी बंद केली, किल्ली काढली आणि खिडकीतून क्लोथिल्डाच्या हातात दिली. मग ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला तोंडावर हात ठेवून उभी राहिली. क्लोथिल्डाने वर्षभर मनात या माणसाला नाना तऱ्हांनी मारलं होतं. पण त्याच्या बायकोने त्याच्याकडे जे बघितलं, तसलं काही तिला सुचलं नव्हतं. तिला बरं वाटलं. का खोटं बोला, फार बरं वाटलं.

खालून बोटीचा भोंगा झाला, एकदा, दोनदा, तीनदा. पांढरी बोट धक्क्यापासून सुटून फिरू लागली, सावकाश.

"माझी बोट!" स्ट्राउड ओरडला. "अहो, माझी बोट गेली!"

"गेली," ऑगस्टिन म्हणाला. त्याने कोटाच्या खिशातून बिल्ला काढून छातीवर लावला. "माझी ड्यूटी सुरू झाली. चौकी खाली चॅपलजवळ आहे. चला."

"गाडीने जाऊ."

"गाडी कशी जाईल? पुढे मयत आहे."

"पण तो जिवंत आहे!"

"तुमच्या कृपेने नव्हे," ऑगस्टिन म्हणाला.

एव्हरिस्ट पेटीत बसून सगळं ऐकत होता. डोळे त्याने स्ट्राउडवरून क्षणभरही हलवले नव्हते, आणि स्ट्राउड कुठेही वळला तरी समोर गावातलं कोणी ना कोणी होतंच. "कॉर्पोरल, मलाही चौकीत यायला लागेल ना, जबानी द्यायला?"

"लागेल की, काका."

"मी चालत आलो असतो. पण पाय नाही." त्याने बाटलीतला शेवटचा घोट घेतला. "तेव्हा उचला. ओझायसचा खांदा दुखतोय मघापासून. दुखतोय ना रे ओझायस?"

"मेलो मेलो," ओझायस म्हणाला आणि पुढच्या उजव्या दांड्यावरून बाजूला झाला.

स्ट्राउडने ऑगस्टिनकडे बघितलं. ऑगस्टिन आभाळाकडे बघत होता. मागे ट्रकवाले, मिनीबसवाले, सगळं गाव गप्प उभं होतं, आणि कोणालाही कसलीच घाई नव्हती. शेवटी तो खाली वाकला आणि त्याने खांदा दिला. पेटी उचलली गेली, एव्हरिस्ट हात छातीवर घेऊन आडवा झाला, बायकांनी गीत जिथे सोडलं होतं तिथून उचललं.

पहिलं वळण आलं तशी आतून लाकडावर टक टक झाली.

"वळण आलं रे."

"काय?" स्ट्राउड म्हणाला. घामाने त्याची दाढी चिकटली होती.

"हॉर्न."

"मी... कसा?"

"तोंड आहे ना?"

"पों," स्ट्राउड म्हणाला.

"असला हॉर्न कोंबडीला तरी ऐकू जाईल का? जोरात!"

"पों! पों!"

मागे कोणीतरी फसकन हसलं आणि मग हसू सगळ्या रांगेत पसरत गेलं. क्लोथिल्डा हसली नाही. ती त्याच्या बरोबरीने चालत होती, त्याच्या मानेवरची शीर फुगलेली बघत. दुसऱ्या वळणाला टक टक. "पों! पों!" तिसऱ्या वळणाला टक टक. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, पण कोणी त्याचा दांडा घेतला नाही, आणि तिलाही कोणाला 'घ्या आता' असं म्हणावंसं वाटलं नाही. आयलीन शेवटी, मा फिलोच्या शेजारी चालत होती. मा फिलोने तिला आपली छत्री धरायला दिली होती.

मग ते वळण आलं.

कड्याच्या बाजूला गटार, गटारावर एव्हरिस्टच्या भावाने लावलेली लाल पानांची झुडपं. गीत आपोआप बारीक झालं. क्लोथिल्डाने पेटीकडे कान दिला. आतून टक टक झाली नाही. एव्हरिस्ट डोळे मिटून पडला होता आणि त्याचा जबडा घट्ट आवळलेला होता.

स्ट्राउडची पावलं अडखळली. त्याने गटाराकडे बघितलं, आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. मग कोणी न सांगता, घसा फाटेल एवढ्या मोठ्याने तो ओरडला.

"पों! पों! पों!"

वळणापलीकडे एक बाई रस्ता ओलांडायला निघाली होती, डोक्यावर अळकुड्यांची टोपली. ती जागच्या जागी थांबली, मागे सरून कड्याला टेकली, आणि मयत पुढे जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.

"गुड आफ्टरनून," ती म्हणाली.